माळा रिकामा करण्याआधी : वैज्ञानिक घराण्यांच्या वारसांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

तुम्ही कुणी नातू असाल, कुणी सून, कुणी अमेरिकेहून रजा काढून आलेली पुतणी. आजोबा गणिताचे प्राध्यापक होते, किंवा आजीने रसायनशास्त्रात अशा काळात डॉक्टरेट मिळवली होती की प्रयोगशाळेत तिच्याखेरीज दुसरी बाई नव्हती. आता जुना बंगला पुनर्विकासाला गेलाय, ताबा द्यायची तारीख ठरलीय आणि माळ्यावर ट्रंका आहेत. शिवाय दोरीने बांधलेले गठ्ठे, चपलांच्या खोक्यांत कोंबलेली पोस्टकार्डं आणि ज्याची किल्ली कुणाकडेच नाही असं एक लोखंडी कपाट. रद्दीवाला किलोचा भाव सांगून गेलाय.

जुन्या कागदांच्या याद्या करणं हे माझं काम. कुठल्या गठ्ठ्यात काय आहे, कोणी कोणाला लिहिलंय, तारीख आहे का, पान फाटलंय का, असं सगळं नोंदवत बसायचं. हे पत्र लिहायला बसले कारण शास्त्रज्ञांच्या घरून आमच्याकडे जे येतं ते जवळजवळ नेहमीच निवडून आलेलं असतं. घरच्यांनी ते प्रेमाने, रात्री जागून निवडलेलं असतं. छापील लेख ठेवलेले असतात, मानपत्रं असतात, राष्ट्रपतींसोबतचा फोटो असतो, एखाद्या नोबेलवाल्याचं दोन ओळींचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं असतं. कच्च्या वह्या, घरगुती पत्रं, वाण्याचे हिशेब, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, नाकारल्या गेलेल्या लेखांवरचे शेरे मात्र गेलेले असतात. छापील लेख मला कुठल्याही बऱ्या ग्रंथालयात मिळतो. जे गेलं ते जगात दुसऱ्या कुठेच नसतं.

म्हणून विनंती सरळ आहे. निवडू नका. देणार असाल तर सगळं द्या, आहे तसं द्या. लपवावंसं वाटत असेल तर मुदत घालून द्या, पण फाडू नका.

एका घरातली गोष्ट सांगते, नाव अर्थातच सांगणार नाही. आजोबा रसायनशास्त्राचे प्राध्यापक. मुलांनी त्यांच्या संशोधनाच्या फायली नीट लावून दिल्या होत्या. त्या उचलताना खाली एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही निघाली. "ती आईची हिशेबाची वही, ती राहू दे," असं म्हणत तिच्यावर हात पडलाच होता. मी सहज उघडली. गूळ, घासलेट, शिंपी, मोलकरणीला उचल, आणि मध्येच, त्याच अक्षरात, "काचसामान". पुढच्या महिन्यात पुन्हा "काचसामान", त्याखाली "थर्मामीटर फुटला, नवा". पुढे वर्षभर हे चालूच. आजोबांच्या छापील लेखात कॉलेजचे आभार मानलेले आहेत. प्रयोगाच्या नळ्या घरखर्चातून आल्या होत्या आणि त्या महिन्यांत शिंप्याची नोंद नाही, हे त्या लेखातून कधीच कळलं नसतं. महाराष्ट्रातल्या कॉलेजांमध्ये विज्ञान कशावर चाललं, हे कुणाला लिहायचं असेल तर त्या लाल वहीवाचून ते लिहिता येणार नाही.

अशा वह्यांचं महत्त्व पटवायला मी डार्विन घराण्याचं उदाहरण नेहमी देते. एक म्हणजे त्यांच्या कागदांचा मोठा भाग केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि बराचसा घरबसल्या पाहता येतो. दुसरं म्हणजे घराणं खरोखर वैज्ञानिकांचं. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या चार्ल्सचे आजोबा इरॅस्मस वैद्य आणि निसर्गाभ्यासक. मुलांपैकी जॉर्ज भरती-ओहोटीच्या गणितात रमलेला खगोलशास्त्रज्ञ, फ्रान्सिस वनस्पतिशास्त्रज्ञ, होरेस वैज्ञानिक उपकरणं बनवणारा. नातू चार्ल्स गॅल्टन डार्विन भौतिकशास्त्रज्ञ. पण या लोकांनी सगळं शहाणपणाने जपलं, असा समज करून घेऊ नका. 1859 मध्ये आलेल्या चार्ल्सच्या 'ऑरिजिन ऑफ स्पीशीज' या जगप्रसिद्ध ग्रंथाचं हस्तलिखित सहाशेच्या आसपास पानांचं असावं. त्यातली आज मोजकीच उरलेली आहेत. खुद्द डार्विनला त्यांचं काही वाटत नव्हतं, छापून झालं की झालं. आणि उरलेल्यांतली बरीच पानं का उरली? कोऱ्या बाजूवर मुलांनी चित्रं काढली होती म्हणून. एका पानाच्या पाठीवर फळांच्या आणि भाज्यांच्या सैनिकांची लढाई रंगवलेली आहे. चित्रं आईबापांना गोड वाटली, ती ठेवली गेली, आणि त्यांच्या पाठीला चिकटून उत्क्रांतीचा सिद्धांत वाचला. तुमच्या घरी आजोबांच्या वहीत कुणी बाळाने रेघोट्या मारल्या असतील तर ती वही 'खराब' म्हणून बाजूला काढताना हे आठवा.

डार्विनची पत्नी एमा हिच्या पाककृतींची वहीही केंब्रिजमध्ये आहे. तीत एक कृती चार्ल्सच्या स्वतःच्या अक्षरात आहे, भात शिजवण्याची. पाण्यात मीठ घालायचं, उकळी आली की तांदूळ सोडायचे, घड्याळ लावून बारा मिनिटं उकळायचे, मग पाणी ओतून टाकायचं आणि भांडं दहा मिनिटं निखाऱ्यांवर ठेवायचं. कोकणातल्या कुठल्याही आजीने वेळलेला भात म्हणून ओळखला असता, फक्त 'घड्याळ लावून'वर हसली असती. पण माणूस किती काटेकोर होता हे त्या बारा मिनिटांत जितकं दिसतं तितकं चरित्रकारांच्या विशेषणांत दिसत नाही.

एमाच्या छोट्या रोजनिशा आहेत. पाहुणे, मुलांचे ताप, आणि चार्ल्सची तब्येत. त्याला आयुष्यभर ओकाऱ्या, थरथर, अशक्तपणा होता आणि तो नक्की कोणता आजार होता यावर डॉक्टर आजही वाद घालतात. वाद घालायला त्यांच्याकडे काही आहे ते या रोजनिशांमुळेही. बायकोने टिपलेला नवऱ्याचा आजार हा घरगुती मजकूर आहे की वैज्ञानिक? मला यादी करताना हा प्रश्न रोज पडतो, आणि मी दोन्हीकडे नोंदवते.

आणि एक पत्र. लग्नानंतर लवकरच एमाने चार्ल्सला लिहिलं. ती श्रद्धाळू, हा प्रश्न विचारत सुटलेला, आणि मरणानंतर आपली ताटातूट होईल की काय ही तिची धास्ती. ते पत्र त्याने जपून ठेवलं आणि खाली लिहिलं की मी गेल्यावर कळू दे, कितीदा मी याचं चुंबन घेतलं आणि यावर रडलो. हे 'खासगी' आहे हे उघड आहे. पण पुढची वीस वर्षं हा माणूस आपला सिद्धांत छापायला का कचरत होता, याची जी काही कारणं सांगितली जातात, त्यांत हे पत्र कायम असतं. मला स्वतःला वाटतं की त्या कारणात अतिशयोक्ती होते, तो त्या वर्षांत बार्नेकल नावाचे, खेकड्यांच्या वर्गातले समुद्री प्राणी चिरत बसला होता आणि पुरावा गोळा करत होता. पण माझं मत काहीही असो, वाद होऊ शकतो तो कागद शिल्लक आहे म्हणून.

आता अब्रूकडे येते, कारण खरी अडचण तिथेच आहे. "आजोबांनी कुणाबद्दल काय काय लिहून ठेवलंय, ते लोकांच्या हातात कसं द्यायचं?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतो आणि तो खोटा नाही. डार्विनच्या घरीही तो आला. 1876 मध्ये त्याने मुलानातवंडांसाठी आत्मकथन लिहिलं. तो गेल्यावर फ्रान्सिसने ते छापायला घेतलं तेव्हा धर्माबद्दलच्या मजकुरावरून घरात जुंपली. लहान मुलांच्या मनावर देवावरचा विश्वास सतत बिंबवला तर पुढे तो टाकून देणं माकडाने सापाची भीती टाकून देण्याइतकं अवघड होईल, अशा अर्थाचं एक वाक्य होतं. ते गाळावं, जुन्या स्नेह्यांना दुखावेल, असं एमाने मुलाला कळवलं. 1887 मध्ये पुस्तक आलं ते गाळून. मग 1958 मध्ये नात नोरा बार्लो हिने सगळा गाळलेला मजकूर परत जागेवर घातला. एमा चुकली असं मी म्हणणार नाही. तिच्या हयातीत, तिच्या ओळखीच्या माणसांत ते छापणं तिला नको होतं, तो तिचा हक्क होता. तिने केलेली फार मोठी गोष्ट वेगळीच आहे: तिने छापू दिलं नाही, पण जाळलंही नाही. नातीला दुरुस्ती करता आली ती त्यामुळे.

मेरी क्युरीचं उदाहरण याहून थेट आहे. तिच्या प्रयोगांच्या वह्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिशाचं अस्तर लावलेल्या पेट्यांत आहेत, कारण त्या अजून किरणोत्सारी आहेत. रेडियमचं अर्धायुष्य 1600 वर्षांचं, तेव्हा घाई नाही. पण त्याच घराण्याच्या कागदांत एक दुसरी वही होती. 1906 च्या एप्रिलमध्ये तिचा नवरा पिएर घोडागाडीखाली सापडून गेला, त्यानंतर मेरीने त्यालाच उद्देशून लिहिलेली शोकाची रोजनिशी. ती 1990 पर्यंत संशोधकांना खुली नव्हती. 1911 मध्ये या बाईची खासगी पत्रं वर्तमानपत्रांनी चव्हाट्यावर आणली होती, त्या घराने कुलूप लावलं तर कोण नावं ठेवील? तरीही कुलूपच लावलं. काडी लावली नाही.

हे कुलूप तुम्हालाही लावता येतं. देणगीपत्रात लिहायचं की अमुक गठ्ठा तीस वर्षं उघडू नये, किंवा अमुक व्यक्ती हयात असेपर्यंत उघडू नये. जबाबदार संस्था ही अट पाळते. जी संस्था "बघू, पाळू" असं तोंडी म्हणते तिला देऊ नका. आणखी एक व्यावहारिक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. आलेलं पत्र कागद म्हणून तुमचं असतं, पण त्यातल्या मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. कागद जपायला द्यायला परवानगी लागत नाही, छापायला लागते. दोन्हींची गल्लत करून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत.

काही कागद खरोखर अवघड असतात, हे मान्य. र. धों. कर्व्यांचं घ्या. गणिताचे प्राध्यापक, धोंडो केशवांचे चिरंजीव, रसायनशास्त्रज्ञ दिनकररावांचे थोरले भाऊ, मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाईंचे दीर. 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. वाचक त्यांना लैंगिक आयुष्याबद्दल जे विचारत ते त्या काळी वैद्यालाही विचारत नसत. 1934 मध्ये खटला झाला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच आणि त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. समजा अशा एखाद्या संपादकाच्या घरी ती मूळ पत्रं सापडली, नाव-पत्त्यासकट. तर? तर ती खुली करू नयेत, निदान लिहिणाऱ्याची मुलं असेपर्यंत तरी. पण रद्दीतही देऊ नयेत. विसाव्या शतकातला मराठी माणूस रात्री कशाने तळमळत होता, याचा याहून प्रामाणिक पुरावा दुसरा कुठला असणार?

आपल्याला ही रीत परकी आहे, असंही कुणी म्हणू नये. घरोघरची दफ्तरं धुंडाळण्याचं वेड मराठी मुलखाइतकं क्वचितच कुठे असेल. इतिहासकार राजवाडे गावोगाव हिंडले, माळ्यांवर चढले, पहिला साधनखंड 1898 मध्ये काढला आणि बावीस खंडांपर्यंत पोचले. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांचं दफ्तर उपसलं. नाना फडणिसांचं मेणवलीचं दफ्तर आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेत आणि त्यांतला जेवणावळीचा खर्च, कासाराची बाकी, घोड्याच्या चंदीचा हिशेब यांवर आपण प्रबंध लिहितो. सरदाराच्या घोड्याची चंदी इतिहास ठरते आणि प्राध्यापकाच्या घरचं काचसामान रद्दी! अठराव्या शतकातल्या घराण्यांना जो मान आपण देतो तो विसाव्या शतकातल्या घराण्यांना द्यायला नको? आणि ती घराणी आहेत. मराठीत चांगली भरपूर आहेत.

कोसंबींचं बघा. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद घर सोडून बौद्ध धर्माच्या शोधात नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश पालथे घालतात आणि पाली भाषेचे जाणकार म्हणून हार्वर्डला पोचतात. मुलगा दामोदर हार्वर्डमधून गणित शिकून येतो, फर्ग्युसनमध्ये शिकवतो, मग टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जातो. पुण्यात राहून मुंबईला आगगाडीने ये-जा करतो. 1944 मध्ये त्याने जनुकांमधली अंतरं काढायचं एक सूत्र दिलं, ते जगभरच्या प्रयोगशाळांत आजही 'कोसंबी' याच नावाने वापरतात. तोच माणूस तक्षशिलेची आहत, म्हणजे ठसे मारलेली प्राचीन नाणी तराजूत घालून वापराने झालेली झीज मोजतो, पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर सूक्ष्मास्त्रं, म्हणजे अश्मयुगातली दगडाची चिमुकली हत्यारं वेचतो, भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती काढतो. नात मीरा समाजशास्त्रज्ञ. तिने आजोबांचं आत्मकथन आणि लेखन इंग्रजीत आणलं. तीन पिढ्या आणि इतक्या विद्या! यांची सांधेजोड छापील लेखांतून होत नाही. नाणी तोलायची कल्पना गणितातून आली की नाण्यांमुळे संख्याशास्त्राची गोडी लागली, हे लेखाच्या शेवटच्या मसुद्यात कुणी लिहीत नाही. ते समासात असतं.

दामोदर कोसंबींनी शेवटच्या वर्षांत 'एस. ड्यूक्रे' या टोपणनावाने गणिताचे लेख लिहिले. 1959 मध्ये रीमानच्या गृहीतकाची, म्हणजे अविभाज्य संख्यांशी निगडित एका प्रसिद्ध न सुटलेल्या प्रश्नाची सिद्धता म्हणून त्यांनी जे छापलं ते टिकलं नाही. 1962 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला त्यांचा करार वाढवला गेला नाही. या प्रकरणाबद्दल पुण्यात कट्ट्यावर तुम्हाला वाटेल ते ऐकायला मिळेल, कोण बरोबर, कोण कपटी, कोण वेडा. अशा प्रकरणांत खरा उजेड पाडू शकतात ते दोन्ही बाजूंचे रोजचे कागद: मसुदे, शेरे, सहकाऱ्यांना लिहिलेल्या चिठ्ठ्या. चुकलेली सिद्धता तर मी आधी जपीन. बरोबर आलेलं गणित दुसरंही कुणी कधीतरी सोडवतं. हुशार माणूस नेमका कुठे घसरला ते एकाच वहीत असतं.

भागवतांचं घर घ्या. नारायणराव आणि माधवराव हे दोघे भाऊ बंगळूरच्या टाटा संस्थेत (आजची भारतीय विज्ञान संस्था) शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. नारायणरावांची एक मुलगी दुर्गा भागवत, दुसरी कमला, म्हणजे कमलाबाई सोहोनी. कमलाबाईंची एकच गोष्ट आपण सगळे सांगतो: त्याच संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला, त्या अडून बसल्या, अटी घालून घेतलं गेलं. गोष्ट खरी आहे आणि सांगायलाच हवी. पण पुढे केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम सी या श्वसनात लागणाऱ्या प्रथिनावर त्यांनी जे काम केलं आणि 1939 मध्ये डॉक्टरेट मिळवली, किंवा मुंबईत परतून नीरा आणि कडधान्यांच्या पोषणमूल्यांवर वर्षानुवर्षं जे प्रयोग केले, ते आठवी-नववीच्या मुलींना सांगायला कुणाकडे काही रसरशीत तपशील आहे का? अपमान लक्षात राहिला, काम राहिलं नाही. याला आपली सनावळीची आणि सत्काराची आवड जबाबदार आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कामाच्या कथा कामाच्या कागदांतून येतात.

पत्रांची आणखी एक गंमत असते. लिहिणाऱ्याकडे पत्र उरत नाही, उरलीच तर कार्बन प्रत. खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांचे कागद शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. खगोलशास्त्रज्ञच असलेल्या फ्रेड हॉयल यांचे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात. म्हणजे भारतातून एखाद्या तरुणाने त्यांना काय लिहिलं हे तिथे जाऊन पाहता येईल, पण त्यांनी त्या तरुणाला काय उत्तर दिलं ते तुमच्या माळ्यावर आहे. नारळीकरांसारख्या घरात, जिथे वडील विष्णुपंत बनारसला सापेक्षतेवर काम करत होते, जयंतराव केंब्रिजला हॉयल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडत होते आणि मंगलाताई स्वतः गणिती, तिथे तर निम्मी पत्रव्यवहाराची बाजू एकाच छपराखाली आलेली असणार. असं घर एकटंच नाही. तिकडची बाजू जपली गेली आणि आपली गेली, तर पुढे लिहिल्या जाणाऱ्या इतिहासात आपली माणसं फक्त 'पत्र पाठवणारी' म्हणून येतील.

मला उलट विचारलं जातं: "संस्थांकडे तरी सुरक्षित राहतं का?" पुण्यात हा प्रश्न विचारणाऱ्याला मी रागावू शकत नाही. 2004 च्या जानेवारीत जमावाने भांडारकर संस्थेत घुसून कशी नासधूस केली ते सगळ्यांनी पाहिलंय. आणि केंब्रिजसुद्धा सोवळं नाही. डार्विनने 1837 मध्ये ज्या वहीत उत्क्रांतीच्या झाडाची पहिली आकृती काढली ती वही आणि तिच्याबरोबरची दुसरी, 2001 मध्ये जागेवर नसल्याचं लक्षात आलं. वीस वर्षं "कुठेतरी चुकून दुसऱ्या कप्प्यात गेली असेल" म्हणत शोध चालला. अखेर 2020 मध्ये चोरी झाल्याचं जाहीर केलं. 2022 च्या मार्चमध्ये कुणीतरी त्या दोन्ही वह्या गुलाबी भेटपिशवीत घालून ग्रंथालयातच, ग्रंथपालांच्या खोलीबाहेर ठेवून गेलं, सोबत ईस्टरच्या शुभेच्छा. (चोरालाही सणवार असतात.) पण वह्या नव्हत्या त्या वर्षांतही त्यांतला मजकूर सगळ्यांना वाचता येत होता, कारण नाहीशा होण्याआधी त्यांची छायाचित्रं काढून झाली होती. म्हणून कागद देण्याआधी पानन् पान स्कॅन करा किंवा करून मागा, आणि एक प्रत घरी ठेवा. घर तरी कुठे सुरक्षित आहे? 1961 साली पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या घरांतलं काय काय वाहून गेलं, हे तुमच्याच घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

कुठे द्यायचं, हा प्रश्न मात्र मी सोपा करून सांगू शकत नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं स्वतःचं अभिलेखागार आहे. बंगळूरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राने वैज्ञानिकांच्या कागदांसाठी चांगलं, लोकांना खुलं अभिलेखागार उभं केलंय. दिल्लीत तीन मूर्ती भवनात खासगी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. पण सातारच्या किंवा नागपूरच्या एखाद्या प्राध्यापिकेच्या मराठी-इंग्रजी सरमिसळ वह्या, जिचं नाव कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही, त्या कोण घेणार? विद्यापीठांनी घ्यायला हव्यात. बहुतेकांकडे माणूस नाही, जागा नाही, मोडी तर सोडाच पण पन्नास वर्षांपूर्वीची शाई वाचायची सवड नाही. सरकारी पुराभिलेख खात्याला मी वेगळं पत्र लिहीन आणि त्याची भाषा इतकी गोड नसेल. तोवर तुम्ही एवढं करा, की संस्थेत आधी जाऊन बघा. कागद आडवे ठेवतात की उभे कोंबतात, भिंतीला ओल आहे का, वाचायला येणाऱ्याला बसायला टेबल आहे का, यादी दाखवतात का. ज्या संस्थेत सत्कार आणि फोटो आधी, यादी "नंतर करू", तिथून चहा पिऊन परत या.

माळ्यावर चढाल तेव्हा सगळं खाली उतरवून 'विषयवार' लावायचा मोह होईल, तो आवरा. आजोबांनी ज्या क्रमाने ठेवलं तो क्रमही माहिती असते. लग्नपत्रिकेच्या पाकिटात प्रयोगाचा तक्ता ठेवला असेल तर तारीख नसलेल्या त्या तक्त्याला ती लग्नपत्रिका तारीख देते. आधी कपाटाचे, कप्प्याकप्प्याचे फोटो काढा. गठ्ठा सोडायचाच असेल तर कोणत्या ट्रंकेतला, हे पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून आत सरकवा. फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांनी ती पिवळी पडते आणि अक्षर घेऊन सुटते. लॅमिनेशन तर नकोच नको, ते उलटवता येत नाही. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, आम्ही काढू. कसर किंवा वाळवी दिसली तर तो गठ्ठा बाकीच्यांपासून वेगळा ठेवा आणि आधी तेच सांगा. उन्हात वाळवणं घालतात तसे कागद गच्चीवर पसरणारेही भेटलेत. हेतू चांगला, पण शाई उडते.

शेवटची विनंती सगळ्यांत निकडीची, कारण ती माळ्यावरून नाही, माणसांकडून मिळवायची आहे. घरच्या पत्रांत कुणाचंच खरं नाव नसतं. "नानांना हवा मानवली नाही", "बेबीचा निकाल लागला", "छोटूकाकांनी काचेचा पंप आणून दिला". छोटूकाका कोण? काका की शेजारी? पंप कुठून आणला? हे सांगू शकणारी एखादी आत्या किंवा मावशी अजून असते, नव्वदीची, ऐकायला कमी येतं पण नावं पक्की. कागद नंतर पाहू. या रविवारी तिच्याकडे जा, जुने फोटो न्या, मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा आणि घरातल्या प्रत्येक टोपणनावापुढे खरं नाव, नातं आणि गाव एका फुलस्केपवर लिहून घ्या. फोटोंच्या मागेही लिहा, बॉलपेनने नको, पेन्सिलीने. तो एक कागद ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवा.

आपली,
कागदांच्या याद्या करणारी